समुद्रातील प्रवाशांचा माग

मेंढपाळ संध्याकाळी वाड्याच्या दाराशी उभा राहतो आणि आत शिरणारे एकेक मेंढरू मोजून घेतो. शेतकरी कणगीत डोकावून धान्य किती उरले ते पाहतो व त्याप्रमाणे पुढील पावसाळ्याची तरतूद करतो. अरण्यात वाघ किती आहेत हे जाणावयाचे असेल, तर पाणवठ्याच्या काठी उमटलेली पावले असतात, झाडांच्या सालीवर ओरखडे असतात. समुद्राचे मात्र तसे नाही. पाण्यावर पाऊल उमटत नाही. मोठे जहाज गेले, तरी त्याच्या मागची पांढरी फेसाळ रेघ घटकाभरात पुसली जाते. मग पाण्याखालून निघून गेलेल्या माशाची वाट कोणी सांगावी?

आणि ती कळल्यावाचून तर चालत नाही. एखाद्या समुद्रातून वर्षाकाठी किती मासे काढावेत हे ज्यांना ठरवावे लागते, त्यांना दोन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात. मासे आहेत किती आणि पकडले जातात किती, या त्या दोन गोष्टी होत. त्या नीट माहीत नसतील, तर तो मनुष्य कणगीत न डोकावता रोज पायली भरून धान्य काढणाऱ्यासारखा समजावा. धान्य संपल्याचे त्याला कळते ते पायली तळाशी घासू लागल्यावर!

उत्तर अटलांटिक महासागरात शार्क माशाच्या एका जातीविषयी जवळजवळ असाच प्रकार चालला होता. तो उघडकीस आला तो आकाशात फिरणाऱ्या कृत्रिम उपग्रहांमुळे.

शार्क म्हटले की अक्राळविक्राळ जबड्याचा, माणसे खाणारा राक्षस आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. वस्तुतः शार्कच्या पाचशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांपैकी बहुतेकांपासून माणसाला काहीच धोका नाही. आपल्या कोकण किनाऱ्यावर लहान शार्कना मुशी किंवा मोरी म्हणतात. मासळीबाजारात तुमच्यापैकी कित्येकांनी त्या पाहिल्याही असतील. शार्कच्या शरीरात हाडे नसतात. आपल्या कानाची पाळी ज्या लवचीक कूर्चेची बनलेली असते, तशाच कूर्चेचा त्यांचा सांगाडा असतो. आपण ज्याची हकीकत पाहणार आहोत तो मॅको हा या सर्वांमध्ये वेगवान. पाठ गर्द निळी, पोट पांढरेशुभ्र, तोंड निमुळते. एखाद्या बाणासारखा त्याचा आकार असतो. मॅको हे नाव न्यूझीलंडमधील माओरी लोकांच्या भाषेतले आहे.

मॅको पोहण्यात जितका चपळ, तितकाच वाढण्यात मंद. बांगडा किंवा तारली हे आपल्या ओळखीचे मासे सुमारे वर्षभरात अंडी घालण्याजोगे होतात आणि एकेक मादी हजारो अंडी घालते. मॅकोची मादी पिले घालण्याजोगी होण्यास अठरा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. हा धडा वाचणाऱ्या एखाद्या बारा वर्षांच्या मुलीच्या जन्माच्या दिवशीच मॅकोची एक मादी जन्मली असेल, तर तिला आई होण्यास अद्याप निदान सहा वर्षे अवकाश आहे. पुढे ती पिलांना पंधरा ते अठरा महिने पोटात वाढविते आणि एका खेपेस चारापासून पंचवीसपर्यंत पिलांना जन्म देते. त्यानंतर तिला दीर्घ विश्रांती लागते. दोन बाळंतपणांत सुमारे तीन वर्षांचे अंतर पडते. असा मासा अधिक संख्येने पकडला गेला, तर त्याची भरपाई बांगड्याप्रमाणे एकदोन वर्षांत होणे शक्य नाही.

मॅको मुख्यतः सापडतो तो दुसऱ्याच माशांसाठी टाकलेल्या गळांवर. तलवार मासा आणि ट्यूना पकडण्यासाठी मोठ्या नौका समुद्रात लांबच लांब दोरी सोडतात. ती कधीकधी शंभर किलोमीटरपर्यंतही पसरलेली असते आणि तिला शेकडो, हजारो गळ लोंबत असतात. गळाला लागलेले आमिष मॅकोलाही आवडते. त्याच्या मांसाला व परांना बाजारात भाव येत असल्याने पूर्वी खलाशी तो सहसा सोडून देत नसत.

असे किती मॅको दर वर्षी मारले जातात, हे ठरविण्याची साधने दोन होती. पहिले साधन म्हणजे नौकांच्या नोंदवह्या. दुसरे म्हणजे क्रमांक घातलेले साधे बिल्ले. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर १९६२ पासून हौशी गळवाल्यांच्या मदतीने शार्कच्या अंगावर असे बिल्ले लावून त्यांना पुन्हा पाण्यात सोडण्याचा उपक्रम सुरू झाला. ज्याला तो शार्क पुढे सापडेल, त्याने बिल्ल्यावरील क्रमांक व ठिकाण कळवावयाचे. या उपक्रमातून पुष्कळ माहिती मिळाली. परंतु त्यात एक उणीव होती, हे चटकन ध्यानात येईल. सापडलेल्या माणसाने कळविले, तरच ते कळणार! त्याला सवड नसली, पत्ता वाचता आला नाही, अथवा सांगितले तर आपल्यावरच बंधन येईल असे भय वाटले, की तो शार्क कागदावर जिवंतच राहावयाचा.

माशानेच स्वतःचा ठावठिकाणा कळवावा, अशी काही युक्ती करता येईल काय? ही कल्पना प्रथम प्रत्यक्षात आली ती स्कॉटलंडमध्ये. १९८२ च्या उन्हाळ्यात शास्त्रज्ञ मॉन्टी प्रीड यांनी क्लाइड नदीच्या मुखापाशी समुद्रात एका बास्किंग शार्कच्या अंगाला दोरीने एक तरंगता प्रेषक बांधला. प्रेषक म्हणजे बिनतारी संदेश पाठविणारे यंत्र. हा शार्क प्रचंड असतो खरा, परंतु पाण्यातील सूक्ष्म जीव गाळून खाण्यापलीकडे कोणाला त्रास देत नाही. शिवाय तो पृष्ठभागाजवळ संथपणे पोहतो. प्रेषक त्याच्यामागून एखाद्या लहान होडीप्रमाणे ओढला जात होता आणि उपग्रहाला संदेश पाठवीत होता. सतरा दिवस तो माग चालला. उपग्रहाच्या साहाय्याने शार्कचा माग काढण्याचा हा पहिला यशस्वी प्रयोग मानला जातो.

आता ही युक्ती चालते कशी ते पाहू. बिनतारी लहरी हवेतून हजारो किलोमीटर जाऊ शकतात, परंतु समुद्राच्या खाऱ्या पाण्यात त्या लगेच विरून जातात. शार्क खोल पाण्यात असताना प्रेषकाने कितीही हाका मारल्या, तरी आकाशात त्या ऐकू जाणार नाहीत. शार्क हा कल्ल्यांनी श्वास घेणारा मासा. देवमाशासारखे त्याला हवेसाठी वर यावे लागत नाही. तथापि मॅको वरचेवर पृष्ठभागाशी येतो आणि त्याच्या पाठीवरील उभा पर पाण्याबाहेर डोकावतो. म्हणून प्रेषक त्या पराच्या टोकाजवळच बसवितात. मॅकोला गळाने धरून नौकेजवळ आणतात, परात बारीक छिद्रे पाडून प्रेषक पक्का करतात आणि काही मिनिटांत त्याला सोडून देतात. प्रेषक तळहातात मावेल एवढा. त्याला एक शहाणी कळ असते. ती खाऱ्या पाण्यात बुडाली, की यंत्र गप्प बसते. कोरडी झाली, की बोलू लागते. त्यामुळे आतील विद्युत्घट वाया जात नाही व महिनोन् महिने टिकतो.

प्रेषकाची हाक ऐकणारी योजना म्हणजे अर्गोस. फ्रान्स व अमेरिका या देशांनी मिळून ती १९७८ मध्ये सुरू केली. तिची ग्राहक यंत्रे उपग्रहांवर बसविलेली आहेत. हे उपग्रह जमिनीपासून सुमारे आठशे किलोमीटर उंचीवरून, उत्तर व दक्षिण ध्रुवांच्या जवळून पृथ्वीभोवती फिरतात आणि सुमारे शंभर मिनिटांत एक फेरी पुरी करतात. आपल्या देशाचाही या कामात वाटा आहे. २५ फेब्रुवारी २०१३ रोजी श्रीहरिकोटा येथून सोडलेल्या ‘सरल’ या भारत व फ्रान्सच्या उपग्रहावर अर्गोसचे यंत्र होते. २६ नोव्हेंबर २०२२ रोजी तेथूनच सोडलेल्या आपल्या ओशनसॅट मालिकेतील उपग्रहावरही तसे यंत्र बसविलेले आहे.

प्रेषक तर केवळ एक ठराविक सूर काढतो. मी अमुक ठिकाणी आहे, असे काही तो सांगत नाही. मग उपग्रहाला जागा कळते कशी? रेल्वेच्या फाटकापाशी तुम्ही कधी उभे राहिला असाल, तर याचे उत्तर तुम्ही कानांनी ऐकलेले आहे. शिटी वाजवीत येणारी आगगाडी जवळ येत असते, तोवर शिटी तीक्ष्ण ऐकू येते. गाडी समोरून पुढे गेली, की तीच शिटी एकदम खालच्या सुरात उतरते. हा सूर का बदलतो, याचे विवेचन ऑस्ट्रियातील शास्त्रज्ञ डॉपलर यांनी १८४२ मध्ये केले. शार्कच्या बाबतीत शिटी जवळजवळ जागच्या जागी असते आणि ऐकणारा उपग्रह भरधाव जात असतो, एवढाच फरक. उपग्रह जवळ येताना सूर किती चढला व दूर जाताना किती उतरला, हे मोजून शास्त्रज्ञ प्रेषकाची जागा गणिताने काढतात. उपग्रह क्षितिजावर असतो त्या दहाएक मिनिटांत तीनचार तरी हाका ऐकू आल्या, तर हे उत्तर पुष्कळसे अचूक येते. शार्कने एकदाच पर वर काढून बुडी मारली, तर मात्र काही किलोमीटरांची चूक पडू शकते.

जे शार्क पृष्ठभागाशी क्वचितच येतात, त्यांच्यासाठी दुसरी तऱ्हा वापरतात. हे यंत्र माशाबरोबर खोल पाण्यात राहून उजेड, पाण्याची खोली आणि उष्णता यांची नोंद करीत जाते. सूर्य केव्हा उगवला व केव्हा मावळला, यावरून जागेचा अंदाज बांधता येतो, हे भूगोलाच्या तासाला तुम्ही शिकला असालच. ठरलेल्या दिवशी ते आपोआप सुटून वर तरंगते आणि साठविलेली सारी माहिती उपग्रहाला सांगून टाकते. २००३ च्या नोव्हेंबरात दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ एका पांढऱ्या शार्कच्या मादीला असे यंत्र लावले होते. शास्त्रज्ञांनी तिचे नाव निकोल ठेवले. २००४ च्या फेब्रुवारीअखेर ते यंत्र वर आले कोठे? अकरा हजार किलोमीटर दूर, ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यापाशी! त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ही मादी पुन्हा आफ्रिकेच्या मूळच्या जागी दिसली. तिच्या परावरील खाचांवरून तिला ओळखले गेले. पांढऱ्या शार्कला दक्षिण आफ्रिकेने १९९१ मध्येच कायद्याचे संरक्षण दिले होते आणि ऑस्ट्रेलियातही तो संरक्षित होता. म्हणजे निकोलच्या प्रवासाची दोन्ही टोके सुरक्षित होती. परंतु मधल्या अफाट समुद्रात दोहोंपैकी कोणत्याही देशाचा कायदा तिच्यासोबत नव्हता.

आता मॅकोकडे वळू. उत्तर अटलांटिकमधील ट्यूना व तत्सम मोठ्या माशांच्या मासेमारीचे नियम अनेक देशांचा मिळून बनलेला एक आयोग ठरवितो. त्याचे कार्यालय स्पेनमधील माद्रिद शहरी आहे. २०१२ मध्ये या आयोगाच्या शास्त्रज्ञांनी हाती असलेल्या आकड्यांवरून पाहिले, तेव्हा तेथील मॅकोचा साठा बहुधा बऱ्या स्थितीत आहे असे त्यांना वाटले. आकडे अर्थातच मुख्यतः नोंदवह्यांतील होते.

याच सुमारास अमेरिकेतील फ्लॉरिडा येथील नोव्हा साउथईस्टर्न विद्यापीठाचे महमूद शिवजी, संशोधक मायकेल बर्न आणि त्यांचे सहकारी यांनी अमेरिका व मेक्सिको यांच्या किनाऱ्यांपासून जवळ चाळीस मॅकोंच्या परांवर प्रेषक बसविले. मॅको कोठे जातात, कोणत्या ऋतूत कोठे राहतात, हे त्यांना पाहावयाचे होते. ते तर दिसलेच. मेरीलँडजवळ २०१५ मध्ये सोडलेला एक मॅको सहाशेपेक्षाही कमी दिवसांत वीस हजार किलोमीटरांहून अधिक पोहला. नकाशावर रोज नवे ठिपके उमटत आणि त्यांतून माशाचा मार्ग तयार होत जाई. निळ्या समुद्रावर तो मार्ग कधी वळणे घेई, कधी एकाच जागी घुटमळे.

परंतु काही मार्ग विचित्र रीतीने संपू लागले. अशा वेळी काय दिसते, याची कल्पना करा. पाण्यात राहणारा मासा क्वचितच वर येतो. त्याच्या हाका तुटक, अधूनमधून येणाऱ्या असतात. एके दिवशी त्या अखंड येऊ लागतात. म्हणजे पर सतत कोरडा आहे. मग ठिपके घुटमळणे सोडून सरळ रेषेत, एखाद्या नौकेच्या वेगाने, किनाऱ्याकडे निघतात. आणि शेवटचा ठिपका उमटतो तो पाण्यावर नव्हे, तर जमिनीवर, एखाद्या बंदरात! मासा तेथे स्वतःच्या परांनी चालत गेला नसणार, हे सांगावयास शास्त्रज्ञ कशाला हवा?

चाळीसांपैकी बारा मॅको अशा प्रकारे पकडले गेल्याचे दिसून आले. शेकडा तीस. ते पकडणाऱ्या नौका एकाच देशाच्या नव्हत्या. पाच देशांच्या होत्या. हे आकडे गणितात घालून पाहिले, तेव्हा मासेमारीमुळे मॅको मरण्याचे प्रमाण पूर्वीच्या अंदाजाच्या सुमारे दहापट निघाले. बर्न व शिवजी यांनी हा निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. ज्यांचे प्रेषक नुसतेच मुके झाले, ते मासे मेले असे त्यांनी धरले नाही, हे सांगितले पाहिजे. कारण विद्युत्घट संपतो, तार तुटते, यंत्रावर समुद्रातले किडे व कवचे वाढतात. मौनावरून काही सिद्ध होत नाही. मला या संशोधनातील हा सावधपणा दहापटीच्या आकड्याइतकाच मोलाचा वाटतो.

त्याच वर्षी आयोगाच्या शास्त्रज्ञांनीही नवी आकडेमोड केली. या खेपेस मॅकोचा साठा खालावला असून त्याची मासेमारी अद्यापही प्रमाणाबाहेर चालू आहे, असे त्यांना आढळले. २०१९ मध्ये मॅकोची गणना जगातील संकटग्रस्त प्राण्यांत झाली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जिनीव्हा येथील परिषदेत त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण घालण्याचे ठरले. अटलांटिकमध्ये मात्र देशादेशांची ओढाताण चालूच राहिली. मॅको विकून ज्यांची चूल पेटत होती, त्यांचे म्हणणेही अगदीच दुर्लक्षिण्याजोगे नव्हते. अखेर २०२१ च्या नोव्हेंबरात आयोगाने निर्णय घेतला. २०२२ व २०२३ या दोन वर्षांत उत्तर अटलांटिकमध्ये सापडलेला एकही मॅको नौकेवर ठेवून घ्यावयाचा नाही, असा तो निर्णय होता.

सोडून द्या म्हटल्याने मॅको गळाला लागावयाचा थांबत नाही, हे उघड आहे. कित्येक तर नौकेपाशी ओढून आणेपर्यंत मेलेले असतात. म्हणून गळ कोठे टाकू नयेत, हेही कळावयास हवे. येथेही उपग्रहच उपयोगी पडतात. मोठ्या नौकांना टक्कर टाळण्यासाठी आपली जागा सतत कळवावी लागते आणि ते संदेशही उपग्रह ऐकतात. पोर्तुगालचे नूनो केरोश, इंग्लंडचे डेव्हिड सिम्स आणि जगभरातील त्यांच्या सहकाऱ्यांनी खुल्या समुद्रातील तेवीस जातींच्या दीड हजारांहून अधिक शार्कचे मार्ग एकत्र केले व नौकांच्या मार्गांच्या नकाशावर ठेवून पाहिले. २०१९ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केले, की एखाद्या महिन्यात शार्क ज्या भागात वावरतात, त्याचा सरासरीने चोवीस टक्के भाग लांब दोरीच्या गळांखाली येतो. दोन नकाशे एकावर एक ठेवले, की कोणत्या महिन्यात कोणता भाग मोकळा ठेवावा हे बोट ठेवून सांगता येते. सगळा समुद्र बंद करण्याची गरज त्यामुळे राहत नाही, आणि कोळ्यांच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नव्हे.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर व्हेल शार्क येतात. हा जगातील सर्वांत मोठा मासा. गुजरातच्या किनाऱ्यावर एकेकाळी त्याची मोठ्या प्रमाणात शिकार होत असे. २००१ मध्ये भारत सरकारने त्याला कायद्याने संरक्षण दिले. पुढे तेथील कोळी जाळ्यात अडकलेला व्हेल शार्क आपले जाळे कापून सोडून देऊ लागले आणि सरकार त्यांना जाळ्याची भरपाई देऊ लागले. महाराष्ट्रातही अशी भरपाई मिळते. २०११ पासून गुजरातजवळ काही व्हेल शार्कना उपग्रहाशी बोलणारे प्रेषक लावले गेले आहेत.

अटलांटिकमधील मॅकोचे पुढे काय होणार, याचे गणित आयोगाच्या शास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये मांडले. एकही मॅको मारला गेला नाही असे धरले, तरी साठा पूर्ववत होण्यास २०४५ साल उजाडेल, आणि तेव्हाही तसे होण्याची शक्यता निम्म्याहून थोडीच अधिक आहे, असे त्यात आढळले. या वर्षी जन्मलेली मॅकोची मादी जगली वाचली, तर त्या सुमारास आपल्या पहिल्या पिलांना जन्म देत असेल.